कागदभर मंगळ

...आणि वर मलाच म्हणतो, तुझ्या मशीनची शाई फिकी आहे, मंगळ गुलाबी येतोय! आता तुम्हाला सांगतो, मंगळ माझ्या मशीनमधून गुलाबी आला काय नि हिरवा आला काय, तिथून कोण तक्रार घेऊन येणार आहे? पण दादाला कोण सांगणार? काय करता, थोरला पडला ना!

माझं आपलं प्रिंटचं दुकान. झेरॉक्स, लॅमिनेशन, बाइंडिंग. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. छत्तीस वर्षं मोजणीच्या ऑफिसात नकाशे काढले त्यानं. भिंतीवरचं कॅलेंडर केसभर तिरकं असलं तरी या माणसाला घास जायचा नाही. वहिनी मुद्दाम तिरकं लावायची, हा ताटावरून उठून सरळ करायचा, आणि ती पदर तोंडाला लावून हसायची. वहिनी गेली... आणि दीड वर्ष कॅलेंडर तसंच तिरकं. मी डबा घेऊन जायचो तर दार अर्धं उघडून म्हणायचा, 'ठेव.' बास. दिवसभरात एक शब्द, 'ठेव'! लहानपणापासून मला गाढव म्हणत आला हा माणूस, आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण त्यानं एकदा गाढव म्हणावं म्हणून जीव तुटायचा हो माझा.

आणि एक दिवस सकाळी अकराला दादा दुकानात हजर! हातात पेनड्राइव्ह. म्हणाला, मंगळाचे फोटो आहेत, त्यात पिरॅमिड आहेत म्हणतात, मोठ्या कागदावर काढून दे. मंगळावर पिरॅमिड? मी म्हटलं असतील बाबा, तू घराबाहेर पडलास, आता सूर्यावर विहीर असली तरी माझी हरकत नाही!

फोटो होता चौकोनी, चारी बाजू सारख्या. कागद लांबट. तसाच काढला तर खाली पांढरी पट्टी उरते, आणि गिऱ्हाइकाला वाटतं कागद वाया घालवला. मग आम्ही काय करतो, कोपऱ्याला धरायचं आणि ओढायचं, कागद भरेपर्यंत. लग्नाच्या फोटोत नवरा जरा उंच दिसतो, कुणी रागावत नाही. मंगळही तसाच ओढला.

तर चौथ्या दिवशी दादा वही घेऊन आला, डोळ्यांत ही चमक! म्हणाला, 'गाढवा, इकडे ये. पट्टी धर.' गाढवा म्हणाला! मी धावलोच. पिरॅमिडची लांबी भागिले रुंदी... एक पूर्णांक चार एक चार. दुसरा पिरॅमिड, तेच. तिसरा, तेच. दोनाचं वर्गमूळ! सगळ्या ग्रहावर एकच आकडा! झालं, रोज अकराला दादा, मधल्या टेबलावर मंगळ पसरलेला, गिऱ्हाइकं माझी ताटकळताहेत आणि मी पट्टी धरून उभा. बायको म्हणाली, दुकान आहे की वेधशाळा? मी म्हटलं, काय करतेस, थोरला पडला ना!

आणि मग आल्या गणिताच्या बाई, प्रश्नपत्रिकांच्या प्रती काढायला. दादा नुकताच गेला होता. त्यांनी मंगळाकडे पाहिलं, मूळ फोटो पाहिला, आणि माझ्याच गठ्ठ्यातला कोरा कागद काढून लांबी भागिले रुंदी करून दाखवली. एक पूर्णांक चार एक चार! अहो, जगातला प्रत्येक असला कागद त्याच मापाचा कापतात म्हणे! म्हणजे दादा तीन महिने मंगळ मोजत नव्हता, माझा कागद मोजत होता. आणि ओढला कुणी? मी!

तीन दिवस घशाखाली घास नाही. सांगावं तर परत ते अर्धं दार, परत ते 'ठेव'. न सांगावं तर थोरल्या भावाला रोज स्वतःच्या हातानं फसवायचं. चौथ्या दिवशी पट्टी धरूनच बोललो, 'दादा, फोटो मी ओढलाय.'

तो रेघ मारत राहिला. पुरी केली. पेन्सिल ठेवली.

'माहीत आहे.'

'कधीपासून?'

'पहिल्या कागदापासून. छत्तीस वर्षं काय मी कागदावर झोपा काढल्या?'

'मग हे सगळं कशाला रे?'

वहीकडे बघत म्हणाला, 'घरी आकडा निघाला तर सांगायचा कुणाला?'

मी तर मशीनकडे तोंड करून उगाच कागद भरत बसलो, भरलेल्या ट्रेमध्ये!

दुसऱ्या दिवशी म्हटलं, आता खोटेपणा नको. मंगळ सरळ काढला, चौकोनाचा चौकोन, खाली पांढरी पट्टी. दादानं मोजलं. पहिला पिरॅमिड, एक. दुसरा, एक. तिसराही एक, जेवढी लांबी तेवढीच रुंदी. नुसत्या गोल टेकड्या हो, उघड्याबोडक्या! दादानं वही मिटली, चष्मा काढला.

म्हणाला, 'गाढवा, सगळं सरळच असलं तर मी उठून येऊ कशाला?'

तेव्हापासून रोज पावणेअकराला मी शटर वर करतो, मशीन चालू करतो, आणि एक अख्खा ग्रह कोपऱ्याला धरून ओढून ठेवतो. अकराला दादा येतो, मोजतो, मला शिव्या देतो. कालपासून म्हणतोय, मंगळ झाला, आता चंद्र घेऊ.

शाई संपत आलीय माझी. पण काय करता... थोरला पडला ना!