तात्यांनी ऐकलेली तिसरी हाक

मंडळी, ऐका. टाळ जरा मांडीवर ठेवा, मृदंगवाले, तुम्हीही हात मोकळे करा. आज मला तुम्हाला एकच गोष्ट विचारायची आहे. दिवसभरात आपल्याला हाका किती येतात? बायको मारते, पोरं मारतात, रानातनं गडी मारतो, आणि खिशातलं ते यंत्र तर झोपेतसुद्धा मारतं! तर या सगळ्या हाकांमध्ये माणसानं आधी ओ कुणाला द्यावी?

सोपं वाटतंय? त्या माई मान हलवतायत बघा. काय म्हणता माई? "जो आपला आहे त्याला." वा! पण आपला कोण, हे कसं ओळखायचं? सगळा घोळ इथंच आहे. या घोळात एक भला माणूस कसा सापडला ते सांगतो. गावाचं नाव सांगत नाही, माणसाचं नाव बदललंय. उगाच शेजारच्या तालुक्यात चौकशा करत बसू नका!

तर शिवरामतात्या. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, सरळमार्गी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मुलगा प्रमोद एमआयडीसीत नोकरीला, सून रेश्मा पतसंस्थेत. घरात शरू नावाची नात, नुकतीच दोन वर्षं पूर्ण झालेली, दुडुदुडु धावणारी. आणि तात्यांची मंडळी, मालनबाई? त्या गेल्या. शरू अजून रांगतही नव्हती तेव्हाच गेल्या. सकाळी चहा केला, कप पुढ्यात ठेवला, खाली बसल्या त्या उठल्याच नाहीत. काही बोलणं नाही, निरोप नाही.

एक दिवस प्रमोदनं घरी काय आणलं? डोळ्यांना बांधायचा डबा! हसू नका, तुमच्यातल्या निम्म्यांच्या घरी आलेला असणार. त्याला म्हणे व्हीआर म्हणतात. डब्यात मोबाईल सरकवायचा, पट्टा डोक्याला आवळायचा, आणि मग तुम्ही तुमच्या घरात नसताच. तुम्ही डोंगरावर, समुद्राच्या तळाला, नाहीतर चंद्रावर! मान वळवाल तिकडं तेच. वर बघा, आभाळ तिथलं. खाली बघा, जमीन तिथली. आणि खाली बघून स्वतःचे पाय शोधा — पाय नाहीत!

पहिल्या रविवारी सगळी आळी लोटली. नामदेव सुतार आकाशपाळण्यात बसला, म्हणजे बसला खुर्चीतच, पण असा ओरडला की गोठ्यातल्या म्हशीनं दावं तोडलं. एका मास्तरांच्या अंगावर भूत आलं. भूत डब्यातलं हो! मास्तरांनी हात झटकला तो थेट रेश्माच्या हातातल्या पोह्यांच्या बशीवर. भूत राहिलं बाजूला, पोहे मेले! सगळी हसून हसून लोळली. तात्या तेवढे भिंतीला टेकून गप्प बसले होते. मालन गेल्यापासून त्यांना हसायची सवयच राहिली नव्हती.

ते बघून प्रमोदला एक आठवलं. शरूच्या बारशाला त्यानं मित्राचा एक गोल कॅमेरा आणला होता. तो टेबलावर मधोमध ठेवला की चहूकडचं टिपतो. ते बारसं मोबाईलमध्ये तसंच होतं. त्यानं ते लावलं आणि डबा वडिलांच्या डोळ्यांना बांधला.

मंडळी, काय दिसलं असेल तात्यांना?

माजघर. पताका. पाळणा सजवलेला. बायका बारशाचं गाणं म्हणतायत. तात्यांनी मान डावीकडं वळवली, आणि स्वयंपाकघराच्या दारात मालन उभी! हातात घुगऱ्यांचं ताट, कपाळावर घाम, पदर खोचलेला. जिवंत बाई जशी असते तशी. तिनं बाहेरच्या दाराकडं बघितलं. कॅमेऱ्याचं ते टेबल नेमकं त्या दाराशेजारी होतं. म्हणजे तिनं बघितलं ते थेट तात्यांच्या डोळ्यांत! आणि तिनं हाक मारली.

"अहो, ऐकलं का?"

थोडी थांबली. पुन्हा म्हणाली, "अहो, ऐकलं का?"

मग तिनं मान हलवली आणि ताट घेऊन आत निघून गेली.

तात्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. कारण त्यांना तो दिवस आठवला. मालन हाक मारत होती तेव्हा हे महाशय कुठं होते? बाहेर मांडवात, पाहुण्यांबरोबर पत्ते कुटत! हाक ऐकू आली होती. हातात पान चांगलं होतं म्हणून ओ दिली नाही. बघू नंतर, म्हणाले. आणि नंतर विचारायचं राहूनच गेलं. तिला काय हवं होतं? ताट जड झालं होतं? छातीत काही होत होतं? आता कोण सांगणार? दोन हाका त्या माजघरात तशाच लोंबकळत राहिल्या होत्या, उत्तराविना.

तात्या डब्याच्या आत मोठ्यानं म्हणाले, "ओ! आलो गं!" आणि लहान मुलासारखे रडले.

झालं! प्रमोदनं बारसं तात्यांच्याच मोबाईलमध्ये घालून दिलं, आणि त्या दिवसापासून तो नेमच पडला. सकाळी प्रमोद आणि रेश्मा कामावर जायचे. जाताना रेश्मा रोज बजावायची, तात्या, मागचं दार लावून घ्या, शरू आता पळायला लागलीय. कारण मागं परसात हौद होता, जमिनीलगतचा, भरलेला. तात्या हो म्हणायचे. दुपारी नातीला वरणभात भरवायचे, थोपटून निजवायचे, दार लावायचे आणि खुर्चीत बसून डबा डोळ्यांना बांधायचे. बाहेर भर माध्यान्ह. रस्त्यावर चिटपाखरू नाही. आणि त्या बंद घरात एक म्हातारा आंधळ्यासारखा मान फिरवतोय. मोबाईलचा आवाज मोठा, सगळ्या घरात घुमणारा — अहो, ऐकलं का? आणि म्हातारा मेलेल्या बायकोला ओ देतोय.

कधीकधी शरू लवकर उठायची. खुर्चीपाशी यायची, धोतराचा सोगा ओढायची. "आबा. आबा." तात्या म्हणायचे, थांब बाळा, थांब हं. पोर तिथंच फरशीवर बसायची आणि डबा लावलेल्या आजोबांच्या तोंडाकडं बघत राहायची. डोळे नसलेलं तोंड, मंडळी! लेकराला काय वाटत असेल?

अशात तात्यांची थोरली बहीण ताराक्का चार दिवस राहायला आली. तिनं हा प्रकार बघितला आणि कपाळाला हात लावला. तिनं भावाला समोर बसवून सांगितलं, "शिवा, भर माध्यान्हीची हाक आली तर लगेच ओ देऊ नये, एवढं आईनं शिकवलंय ना तुला? तिसऱ्या हाकेपर्यंत थांबायचं. जी गेलीत त्यांना दोनदाच हाक मारता येते. तिसरी हाक जित्या माणसाची."

तुमच्याकडंही म्हणतात ना असं? खरं-खोटं देव जाणे. पण म्हातारीनं सांगितलं ते भावाच्या काळजीपोटी. त्यानं ओ देणं सोडावं म्हणून. आणि भावानं काय घेतलं त्यातनं? आपण कीर्तनातनं घेतो तेच, सोयीचं तेवढं! ताराक्का गेली, आणि तात्यांच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. मालननं तिसरी हाक मारली तर?

म्हणजे, तिसरी हाक आली तर ती गेलेलीच नाही. कुठंतरी आहे!

आता बघा कसं उलटं फिरलं. कालपर्यंत तात्या ओ द्यायला बसत होते, आता ते वाट बघायला बसू लागले. मालन दारात यायची, पहिली हाक, दुसरी हाक. तात्या श्वास रोखून गप्प. ती मान हलवून आत जायची. पुन्हा पहिल्यापासून लावायचं. पुन्हा तेच. हिरव्या लुगड्यातली बाई तोंड पुसायची, ती तशीच. एका पोराच्या हातातला पेढा पडायचा, तो तसाच. पुढं पुढं तात्यांना वाटायला लागलं, की ही माणसं दमलीत. रोज त्याच दिवसात उभं राहून कंटाळलीत, आणि आपल्याकडं रागानं बघतायत. पण डबा काही सुटेना. दुपारचं निजवणं घाईचं झालं. भात अर्धा भरवून व्हायचा. आणि एका दुपारी — मंडळी, लक्ष द्या — मागच्या दाराची कडी लावायची राहिली.

तात्या खुर्चीत बसले. पट्टा आवळला. माजघर आलं, पाळणा आला, गाणं सुरू झालं. मालन दारात आली.

"अहो, ऐकलं का?"

तात्या गप्प.

"अहो, ऐकलं का?"

तात्या गप्प. मालननं मान हलवली, ताट घेऊन आत गेली. दार रिकामं झालं. आणि त्या रिकाम्या दारातनं, बारीक आवाजात, खोल कुठूनतरी, विहिरीतनं यावी तशी —

"अहो..."

तिसरी हाक!

काय झालं असेल त्या जिवाचं! डबा काढावा असं मनातसुद्धा आलं नाही. काढला आणि ती नाहीशी झाली तर? "ओ! आलो गं मालन, आलो!" म्हणत तात्या उठले आणि डबा डोळ्यांवर ठेवूनच आवाजाच्या दिशेनं चालायला लागले.

आता या डब्याची एक गंमत आहे. गंमत कसली, भीतीच आहे. त्यातल्या बारशात तुम्ही कितीही चाला, काही जवळ येत नाही. तात्या चालतायत, चालतायत, आणि ते दार तेवढ्याच अंतरावर. पाळणा तेवढाच लांब. सगळ्या बायका जागच्या जागी. डोळ्यांसमोर पताकांची सावली, आणि तोंडावर उन्हाची झळ! कानात पाळण्याचं गाणं, आणि नाकात शेवाळाचा वास! तात्यांना कळेना, घरात ऊन कुठलं? बारशात शेवाळ कुठलं? हात चाचपडत होता, त्याला उघड्या दाराची चौकट लागली. पाय पुढं पडला तो ओल्या दगडावर.

आणि पुन्हा हाक. आता अगदी पायाशी.

"अहो..."

तात्यांनी दोन्ही हातांनी डबा ओरबाडून काढला.

समोर हौद. हौदात शरू! हनुवटीपर्यंत पाण्यात. आत सोडलेल्या नळीला दोन्ही हातांनी धरून लोंबकळलेली, ओठ निळे पडलेले. तात्यांनी काठावर झोकून दिलं स्वतःला, दंडाला धरून पोर वर ओढली, छातीशी लावली. हातातनं सुटलेला डबा पाण्यात पडला. तळाशी गेला तरी त्यातला उजेड विझला नव्हता. वर बुडबुडे येत होते आणि पाण्याखालनं पाळण्याचं गाणं ऐकू येत होतं. मग तेही थांबलं.

पोर थडथड कापत होती. तात्या तिला चोळतायत, मुके घेतायत, बाळा बाळा म्हणतायत. तिनं डोळे उघडून त्यांच्याकडं बघितलं. आजोबांचं उघडं तोंड दिसलं, डोळे दिसले. आणि ती दोन वर्षांची पोर तिच्या बोबड्या बोलीत, मालनच्या सुरात म्हणाली,

"अहो, ऐकलं का?"

कळलं का मंडळी?

पलीकडच्या वहिनींनी नंतर सांगितलं. भिंतीपलीकडनं त्यांना बराच वेळ ऐकू येत होतं — आबा, आबा, आबा! त्यांना वाटलं, आजा-नात खेळतायत. पोर आबा म्हणून ओरडून थकली. मग तिनं वेगळीच हाक मारली. तिनं रोज फरशीवर बसून बघितलं होतं, की आबा म्हटलं की आजोबा थांब म्हणतात. अहो म्हटलं की ओ देतात. आपल्याच घरात, बुडताना, त्या लेकराला आपल्या आजोबांनी ऐकावं म्हणून मेलेल्या बाईची हाक मारावी लागली!

ताराक्का खोटं बोलली नव्हती. तिसरी हाक जित्या माणसाचीच होती.

मोबाईल गेला. प्रमोद म्हणाला, बारशाची दुसरी प्रत आहे माझ्याकडं, लावून देऊ का? तात्या नको म्हणाले. शरू त्यातनं बरी झाली, पण कितीतरी दिवस ती तात्यांना आबा म्हणेना. अहोच म्हणायची. आणि तात्या दरवेळी हातातलं टाकून उठायचे, आणि दरवेळी रडायचे.

तुम्ही म्हणाल, महाराज, आमच्याकडं कुठं तसला डबा आहे? नसेल. डोळ्यांना बांधला नसेल, हातात धरला असेल. कुणी गेलेल्याच्या आठवणीचा बांधला असेल, कुणी जुन्या भांडणाचा. आतनं हाक आली की आपण लगेच ओ देतो. आणि बाहेर कुणीतरी धोतराचा सोगा ओढत उभं असतं. तुमच्या घरातलं माणूस तुम्हाला कुठली हाक मारायला शिकलंय? आजारी पडल्याशिवाय तुम्ही बघत नाही म्हणून कुणी आजारी पडत असेल. आरडाओरडा केल्याशिवाय ऐकत नाही म्हणून एखादं पोर आरडाओरडा शिकलं असेल. देव हाक मारतो म्हणजे काय आभाळातनं मारतो? तो त्याच पोराच्या तोंडानं मारतो, आणि आपण म्हणतो — थांब बाळा!

माझं कीर्तन अर्धं राहिलं तरी चालेल. कुणाला या क्षणी घर आठवलं असेल, तर उठा. लाजू नका... त्या बघा माई उठल्या. जा माई, जा. आरती चुकली तर चुकू दे. वाट द्या रे त्यांना, पाय आवरा. आणि बाकीच्यांनी कान उघडे ठेवून, हळू आवाजात माझ्याबरोबर नाम घ्या. हळू म्हणतोय मी, कारण आपल्याच गजरात कुणाची तरी हाक बुडायला नको. घ्या — विठ्ठल... विठ्ठल...