आमेनच्या अगोदर

बुधवार, संध्याकाळचे सहा. मिशनच्या चर्चचा व्हरांडा, सतरंजीवर चौदा मानसं आन् एक कुत्रं. — असं लिवा अगोदर, भाऊ. वेळ आन् जागा पाह्यजे ना तुमा पेपरवाल्यायले? घ्या मंग. बसा न त्या पेटीवर, मोडत नाई. तिच्यात माह्ये दोन लुगडे आन् बायबल हाये फक्त. शनिवारपर्यंत खोली खाली करा म्हनलं त्यायनं, म्हनून भरून ठेवली. राळेगावाहून सायकलवर आले का? उन्हात? अरे देवा. पानी घ्या. — नाई, हे तुमाले नाई म्हनलं, त्याले म्हनलं. माह्ये असंच हाये. बोलता बोलता त्याच्याशी बी बोलतो, राग नका मानू.

हेच तर लागलं ना पाळकसाहेबायले! ते नगरचे, शिकलेले, नवीन आले दिवाळीत. मी सतरा वर्सं घंटा वाजवून राह्यली या चर्चची, मिससाहेबाचा सैपाक केला ते आपल्या देशात जाईपर्यंत. आन् हे मले म्हनतात — मानीबाई, प्रभूला अरे-तुरे करू नये, 'हे परमेश्वरा, आपण' असं म्हणावं. मी म्हनलं, साहेब, बापाले कोनी आपन म्हनते का? मी 'आपण' म्हनलं तर त्याले वाटीन दुसरंच कोनी बोलवून राह्यलं, तो मांगं वळून पाहीन! हासले सारे. पाळकसाहेब नाई हासले. पन खरं सांगतो, भाकर जयली तरी मी त्याले सांगतो, पाय दुखला तरी त्याले सांगतो. रागावतो बी. तोही रागावते. — कसा रागावते? ते मंग सांगतो. सांगतोच का, पाहू.

तर बुधवार. आमच्यात रीत हाये, भाऊ, बुधवारी एकेकानं आपल्या मनची प्रार्थना मोठ्यानं कराची. डोळे मिटून. आन् जोपर्यंत तो मानूस 'आमेन' म्हनत नाई, तोपर्यंत कोनी उठाचं नाई, बोलाचं नाई, डोळा उघडाचा नाई. घरात साप निंघाला तरी नाई! माही पाळी आली. मी सुरू केलं — आजाऱ्यायले बरं कर, ढोरायले चारा दे, मिससाहेबाले सुखी ठेव. आन् मंग म्हनलं, देवा, तुले तं माहीत हाये ना, मंगळवारी आपली जीप कुठं होती? तिच्या दारावर 'आजाऱ्यांच्या सेवेसाठी' असं लिवलं हाये, तू वाचलं अशीन. — दानिएल मास्तर खोकलले. चर्चच्या पंचायतीचे सेक्रेटरी ते, कंपाउंडाच्या साऱ्या किल्ल्या त्यायच्यापाशी. मी म्हनलं, देवा, मास्तरायचा खोकला बी बरा कर. — हासता काय, लिवा! — मंग मास्तर मधातच मोठ्यानं म्हनले, "आमेन!" मी डोळे मिटूनच म्हनलं, मास्तर, माह्या प्रार्थनेचं आमेन मी म्हननार. आन् चालू ठेवली. कंदील लागला तरी चालूच. गुडघे दुखले लोकायचे, पन उठते कोन?

रविवारी चर्चमधी वाचून दाखवलं — मानीबाईचं नाव मंडळीतून कमी केलं, प्रभुभोजन बंद, घंटेला हात लावाचा नाई. खोलीचं काही नाई हो, पेटी उचलली की झालं, बहीन हाये मुकुटबनले. पन प्रभुभोजन... तो भाकरीचा तुकडा, एवढासाच असते, नखाएवढा. जाऊ द्या. मिरची झोंबली डोळ्याले.

हो, जीप. सांगतो. रुखमाबाई म्हनून हाये, पलीकडच्या वाडीवरची, शेतात मजुरीले जाते. मंगळवारी सकाळपासून अडली होती बिचारी. दवाखान्यातली नर्सबाई म्हनली, मूल आडवं हाये, यवतमाळले न्या, लगेच न्या. तिचा नवरा फकिरा धावत फाटकापाशी आला. दहा वाजले होते, घंटा मीच मारली होती. मास्तरायनं फाटकातूनच सांगतलं — जीप बिघडली हाये. गेला बिचारा. बैलगाडी जुंपली. रुखमाबाई वाचली. लेकरू नाई वाचलं. पोरगी होती.

बिघडली नव्हती. — मले कसं माहीत? माहीत हाये. जब्बारभाई डायवर, त्यानं तुमाले सांगतलं अशीन, म्हनून तं तुमी आले. — नाई? नावं नाई सांगत तुमी? बरं. जीप सैपाकघराच्या मांगं उभी होती. मास्तरायच्या पोरीचा साखरपुडा होता यवतमाळले, लाडूचे डबे भरून राह्यले होते तिच्यात. — कोन म्हनजे? भरनारं कोन? अहो, कोनीतरी भरतेच ना डबे!

मीच भरले.

लिवू नका हे. — नाई, लिवा. तो ऐकून राह्यला, तुमी नाई लिवलं तं मले रात्रभर सोडनार नाई तो. मीच भरले, लाडू बी मीच वळले. 'बिघडली' म्हनताना म्या ऐकलं, हातात कलथा होता माह्या. मंग अकरा वाजता जीपीत बसली. पुढं, जब्बारभाईच्या बाजूनं, डबा मांडीवर. पयल्यांदा बसलती जीपीत, सतरा वर्सांत. खुश होती मी, भाऊ! वारं लागत होतं तोंडाले. आन् नाल्याच्या चढावर ती बैलगाडी दिसली. फकिरानं हात वर केला. गाडीतून पाय बाहेर आलता रुखमाबाईचा, जोडवं होतं पायात. थांब — एवढंच म्हनाचं होतं मले. जब्बारभाईनं माह्याकडं पाह्यलं. मी डब्याकडं पाह्यलं.

आता समजलं, कसा रागावते तो? मंगळवारी रातभर बोलला नाई. बुधवारी मी त्याले विचारलं, जीप कुठं होती, आन् तो मलेच म्हनते — मानी, तू कुठं होती? सारे डोळे मिटून बसलते, कोनाले ऐकू नाई आलं. म्हनून तं मी एवढी लांबवली प्रार्थना! त्यायले वाटलं, मानीबाई मास्तरायचं नाव घेईन. मी माहंच घ्याले पाहून राह्यली होती, निंघतच नव्हतं तोंडातून. शेवटी कंदिलातलं घासलेट सरलं, लोक उठले. आमेन म्हनलंच नाई मी. अजून नाई म्हनलं.

पुरे झालं, भाऊ, उठा. मले पेटी बांधाची हाये. निंघा उन्हं उतरायच्या आत. — एक राह्यलं, हे नीट लिवा. मंगळवार, सव्वाअकरा, नाल्याचा चढ. जब्बारभाईनं ब्रेक दाबला होता, जीप जवळजवळ थांबली होती. मांगं दोघं बसले होते, मास्तर आन् पाळकसाहेब. मांगून एक जन म्हनला, "चाल." दोघायले विचारलं मी. दोघंही म्हनतात, मी नाई.