पाइपावरचा हात

आमचा तांडा केळापूर तालुक्यातला. आमचे आजे-पंजे बैलाच्या पाठीवर मीठ, धान्य लादून मुलूखभर फिरत, मंग वावरं झाली, घरं झाली, पन बैलाची जाण काही गेली नाई. माहा बा बैलाच्या कानाच्या मुळाशी हात लावे अन् मने, याले ताप हाये, आज जुतू नका, अन् कधी चुकला नाई भाऊ. तोच हात माह्या या पोरात उतरला, असं माही याडी साऱ्याईले सांगे. याडी मंजे आमच्यात माय. चुलीवरचं दूध किती तापलं ते मी नुसता गंजाले, पातेल्याले हात लावून सांगो.

आयटीआय केली अन् लोहाऱ्याच्या एमआयडीसीत फिटर लागलो, तिथंच केस पिकले. ठिबकच्या नळ्याचे जोड बनते आमच्याकडं, प्लास्टिकचे. आता काय सांगू तुमाले, त्याचा साचा असते लोखंडाचा, त्याच्यातून गरम पानी फिरवा लागते, एका मापाचं गरम, साचा थंडावला का माल अर्धवट निंगते. ते पानी तापवून फिरवनारी मशीन अडली का सारे मनत, काकाले बोलवा. मी पडद्यावरचा आकडा पाहोच नाई. पाइपाले जरासा हात टेकवो अन् मनो, साठ हाये, सत्तर हाये. नवा इंजिनिअर आला का मॅनेजर साहेब मुद्दाम त्याच्यासमोर मले हात लावाले लावे. लय फुगो मी, खोटं कायले बोलू.

मंग शुगर निंगाली. पायाले मुंग्या आल्या, तळवे बधिर झाले. बायको मने, डॉक्टरले हाताचंही इचारा जी. मी मनलं, हाताले काय धाड भरली, हात पक्के हाये माहे.

यंदा पोळ्याच्या हप्त्यात मशीन अडली. माल सारा अर्धवट. पडद्यावर ऐंशी, मी हात लावला तं कोमट. मनलं, पडदा खोटा बोलून राह्यला, सेन्सर गेला. सिंधू मनून ऑपरेटर हाये, लेकुरवाळी बाई, माह्या पोरीच्या वयाची, ते मने, काका, पाइपातली पानी गाळाची जाळी पाह्यली का, आपल्या बोरचं पानी जड हाये, खार धरते. मी मनलं, तू बटन दाब बाई, मले शिकवू नको. सेन्सर बदलला, तरी आकडा तोच. घ्या आता! साहेब आले, इंजिनिअर आला, पोरं गोळा झाली. मी मनलं, साहेब, हाही सेन्सर खराब हाये, पानी कोमट हाये, हे पाहा, अन् पुरा पंजा पाइपावर दाबून धरला. धरला तो धरला अन् बोलतच राह्यलो, मागच्या खेपेले कसं झालतं, अमकं तमकं. सिंधू किंचाळली, अजी काका, हात काढा, हात! तिनंच मनगट धरून ओढलं. पाहतो तं तळव्याचं कातडं पाइपाले चिकटून राह्यलं होतं. मले काहीच जानवलं नाई भाऊ. दुखलं असतं तं बरं झालं असतं.

मले नळाखाली हात धराले लावला. तवर सिंधूनं मशीन बंद केली, थंड होऊ देली अन् जाळी खोलली. खाराचे पांढरे पापुद्रे गच्च. पानी तापत होतं बराबर, पन जाळी तुंबली तं साच्यात जाईन कसं? मी मान खाली घालून बसलो होतो, धरती फाटून आत गेलो असतो तं बरं, असं झालतं.

आता पट्टी निंगाली, कामावर जाऊन राह्यलो. घरी बायको बादलीत आधी आपला हात घालते, मंग मले आंघोळीले बोलावते, लेकरावानी. कारखान्यात मशीन अडली का अजूनही कोनीतरी मनतेच, काकाले बोलवा. मी जातो. सिंधू माह्या आधी पाइपापाशी जाऊन उभी राह्यते, बोट टेकवते अन् मलेच आयकू यीन इतक्या हळू मनते, काका, गरम हाये. मंग मी पाइपावरून हात फिरवल्यासारखा करतो अन् साऱ्याईसमोर मोठ्यानं मनतो, गरम हाये. लाज वाटते भाऊ, लय लाज वाटते. देव त्या बाईचे हात मरेपर्यंत असेच जागे ठेवो.