चित्रातला शिळा बांगडा

संपादकांचं काय घेऊन बसलात, चित्र पारखावं तर आमच्या मासळीवाल्या मावशींनी! मुलांच्या कवितांच्या पुस्तकासाठी मी समुद्रात नाचणारा बांगडा रंगवला होता, तोही समोर ताटलीत खरा बांगडा ठेवून. छपाईला देण्याआधी चित्र घेऊन पनवेलच्या बाजारात गेले.

मावशींनी हात पुसून कागद धरला. "नाचतोय कसला? याचा डोळा बघ, आत गेलाय. ह्यो शिळा हाय!"

"मावशी, परवा तुमच्याकडूनच नेला होता. ताजा म्हणून."

शेजारच्या दोन गिऱ्हाइकांनी लगेच पिशव्या मागे घेतल्या.

मावशींनी चित्र पुन्हा एकदा नीट पाहिलं आणि माझ्या हातात परत दिलं.

"बाय, मासा ताजाच व्हता. तुला चित्र काढता येत नाय."