पुलावर धाप

सासूबाई : राग मानू नका, जावईबापू, पण हे फार पळतंय. उद्या माझी ताई यायच्या आत काहीतरी करा.

जावई : पळणारच, आई! तुमचं जुनं व्हिडिओ गेमचं मशीन गेलं, म्हणून तोच गेम या कॉम्प्युटरवर बसवला. याला एम्युलेटर म्हणतात. नवा कॉम्प्युटर जुन्या मशीनचं सोंग घेतो.

सासूबाई : सोंग घेतलंय तर नीट घ्यावं की. हा कोंबडा उडी मारायच्या आधीच पडल्याचा आवाज येतोय.

जावई : त्याचं काय आहे, आत आठ कोअर आहेत. म्हणजे आठ डोकी. एक चित्र काढतं, एक आवाज सांभाळतं, एक खेळ चालवतं.

सासूबाई : आणि बाकीची पाच?

जावई : ती... बसून असतात.

सासूबाई : वऱ्हाडात आलीत वाटतं.

लेक (आतून) : आई! सुट्टीचे सगळे दिवस घातलेत त्यांनी त्यात.

सासूबाई : कौतुकच करतेय गं.

जावई : आवाजाचं डोकं जरा पुढे धावतं, इतकंच. सगळ्यांना एकमेकांसाठी थांबायला लावलं, तर आठ असून वेग एकाचाच.

सासूबाई : मग आठ आणलीत कशाला?

जावई : दुकानदार म्हणाला.

सासूबाई : बरं, ते राहू द्या. हा पूल आला बघा. इथे घारींची झुंड यायची आणि मशीनला धाप लागायची. सगळं कसं हळूहळू व्हायचं. ती धाप कुठाय?

जावई : काढून टाकली! दोष होता तो. जुन्या मशीनला एवढ्या घारी झेपायच्या नाहीत. मी वेग वाढवून दिला.

सासूबाई : परत घाला.

जावई : अहो आई, तो घालवायला लोक जिवाचं रान करतात!

सासूबाई : करू देत. मला हवा आहे.

जावई : जिंकायचंय ना तुम्हाला? थोडा सराव करा, या वेगातही मावशींना हरवाल.

सासूबाई : हरवून काय करू? फोटोत मागच्या रांगेत उभं केलं, म्हणून वर्षभर अबोला धरलाय तिने. उद्या येतेय तीही काय म्हणून? ‘खेळायला येते, बोलायला नाही.’ या वेगात दोन घटकांत खेळ आटपेल आणि ती पर्स उचलून चालू लागेल.

लेक (आतून) : मावशी अजून त्या फोटोवरच आहे?

सासूबाई : ती जन्मभर राहील. पण लहानपणी कितीही भांडलो, तरी पुलावर बोलायचोच. हात रिकामे, कोंबडा हवेत अडकलेला, किती वेळ गप्प बसणार? स्वतःचं लग्न ठरल्याचं तिने मला तिथेच सांगितलं. आईच्या आधी!

जावई : थांबा. सगळं एकाच कोअरवर घेतो. चित्र आवाजासाठी थांबेल, आवाज चित्रासाठी. आणि वाढवलेला वेगही काढतो.

सासूबाई : मन मोडलं का तुमचं?

जावई : थोडं.

सासूबाई : बाकीची सात डोकी झोपली म्हणा आता. हा दुसरा कंट्रोलर घ्या, करून बघू.

जावई : मी मावशींच्या जागी?

सासूबाई : हो, पण रुसू नका. चला, विहीर गेली, कुंपण गेलं, आता पूल.

(पडद्यावर सगळं मंदावतं. दोघं नुसती बघत बसतात.)

जावई : धापच लागली की हो याला.

सासूबाई : हं.

जावई : बराच वेळ लागतो.

सासूबाई : लागतो.

जावई : आई...

सासूबाई : काय?

जावई : ते ‘जावईबापू’ आणि ‘तुम्ही’... इतकी वर्षं झाली, मला अजून पाहुणा आल्यासारखं वाटतं. हिच्या भावाला कसं सरळ ‘अरे’ म्हणता.

सासूबाई : मग आधी नाही का बोलायचं?

जावई : वेळच नाही आली.

सासूबाई : धाप जमलीय रे.