भुशातली खिचडी

तुमी हसताल, पन आमच्या काकूला बिनजाळाची खिचडी पटतच न्हवती. ताई ग्रामसेविकेकडनं शिकून आल्ती. लाकडी खोक्यात भुसा भरायचा, मटकीच्या खिचडीला चुलीवर एक उकळी काढायची आन् पातेलं भुशात गाडून झाकान लावायचं. सरपान वाचतं. पन काकू घडीघडीला झाकान उचलायची, वाफ जायची आन् मटकी कच्चीच ऱ्हायची.

"उद्या कच्ची निघाली, तर खोकं उकिरड्यावर!" काकू म्हनली. ताई रडकुंडीला आली.

दुसऱ्या दिवशी काकूच्या नकळत पातेलं आत गेल्यागेल्या मी तिला म्हनलं, "आज खिचडी न्हाई. तुझ्या कोंबडीची अंडी उबवाया ठिवलीत. उघडलं तर पिलं मरत्याल."

काकूनं माझ्याकडं रोखून बघितलं, मंग खोक्याला कान लावला. आत बुडबुड चालल्याली.

"चुळबुळत्यात रं!" म्हनली, आन् दुपारपत्तर कुनाला हात लावू दिला न्हाई.

जेवताना ताईनं पातेलं काढलं. मटकी लोन्यावानी शिजल्याली. काकूनं दोनदा वाढून घेतली, हात धुतला आन् भुसा उपसाया बसली.

"आता काय बघती, काकू?"

"खिचडी शिजली, पटलं. पन माझी अंडी कुठं गेली रं, मुडद्या?"