गोविंदरावांचा अँटेना

आमच्या अण्णा नगरच्या गोविंदरावांचं सांगितलं का तुम्हाला? तंजावरचे मराठी, बँकेतून निवृत्त. घरात केबल येऊन कितीतरी वर्षं झाली, तरी टीव्हीवर मुंग्या आल्या की हे गच्चीवर धावणार आणि जुना अँटेना फिरवणार. वर ऐकवणार, "यावर मी पार सिलोनचा टीव्ही धरलाय!"

एकदा मी पापड वाळत घालायला गच्चीवर गेले, तर अँटेनाला वायरच नाही! गोविंदराव मात्र घामाघूम होऊन तो फिरवतायत. मला कुठला धीर! तडक खाली त्यांच्या बायकोकडे गेले. सुंदरामामी टीव्हीसमोर, आणि चित्र अगदी स्वच्छ.

"मामी, त्या अँटेनाला वायरच नाहीये!"

"ठाऊक आहे. हळू बोला, अक्का."

"मग चित्र जातं कसं?"

"केबलची पिन मीच उपसते. ते वर गेले की परत खोचते. खाली असले की बातम्यांवरून हलू देत नाहीत, आणि आज माझ्या मालिकेत लग्न आहे."

तेवढ्यात वरून हाक आली, "आलं का गं?"

पडद्यावर नवरीने हार उचललेला. मामींनी माझ्याकडे असं काकुळतीनं पाहिलं की मीच ओरडले, "आलं होतं, गेलं! अजून थोडं डावीकडे घ्या!"

आणि मामींच्या शेजारी फतकल मारून बसले.